चाळीस नंबरची काच

मामींनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि पुढचं मिनिटभर त्या श्वास घ्यायचंच विसरल्या.

"दिसली का रेघ?" पाठीमागून घाईताईनं विचारलं. तिची एक बाही कोपरापर्यंत वर, दुसरी खाली, आणि खांद्याला पिशवी तशीच लटकलेली.

"अगं, रेघच नाही."

"नाही कशी? नीट बघा ना मामी. तपकिरी असेल, बारीक. काल ठेवल्यात शेजारी शेजारी, आज रेघ पडायलाच हवी."

"बावीस वर्षं बघतेय, पोरी. रेघ असती तर डोळे मिटूनही सापडली असती मला. ये, तूच बघ."

घाईताई वाकली. वाकली ती वाकलेलीच राहिली. मामींना तिच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. मग तिनं इतक्या हळू आवाजात, जणू मोठ्यानं बोललं तर काचेवरचं मोडेल, एवढंच म्हटलं, "मामी, रक्त इकडून तिकडे जातंय."

समुद्रसंशोधन केंद्राच्या तळघरातली ही खोली. भिंतीला टाक्या, टाक्यांना नळ्या, आणि नळ्यांमधून दिवसरात्र वाहणारं समुद्राचं पाणी. मामी रक्ताच्या नात्यानं इथे कुणाचीच मामी नव्हत्या. केंद्र ज्यांनी उभारलं त्या मोठ्या सरांनी कधीतरी तशी हाक मारली आणि ती चिकटली. सकाळी आल्यावर आधी टाक्यांचं पाणी बघायचं, मग स्वतः घोटभर पाणी प्यायचं, हा त्यांचा नेम. बावीस वर्षांत तो मोडला नव्हता. घाईताई ही इथे पीएचडी करणारी मुलगी. जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या ती उडी मारूनच उतरायची, म्हणून मामींनीच तिचं बारसं केलेलं.

खोलीत मासे नव्हते. होत्या त्या पिचकाऱ्या. बंदरातल्या खांबांना, दोरांना, होड्यांच्या बुडाला चिकटून जगणारे हे जीव. बोटानं दाबलं की तोंडावर पाण्याची चिळकांडी उडवतात, म्हणून केंद्रात त्यांचं नावच पिचकारी पडलं. कुणी ओल्या चामड्याच्या बटव्यासारखी, कुणी काचेच्या नळीसारखी आरपार, पोटातलं सगळं जगाला दाखवत बसलेली. कुणी द्राक्षांच्या घोसासारखी, तर कुणी खांबावर रंग सांडावा तशी पसरलेली. बघणाऱ्याला वाटावं, ह्यांचा एकमेकींशी काय संबंध? पण धंदा सगळ्यांचा एकच. एका तोंडानं पाणी आत ओढायचं, त्यातलं अन्न गाळून घ्यायचं, दुसऱ्या तोंडानं पाणी सोडून द्यायचं.

शाळेची मुलं केंद्र बघायला आली की मामी त्यांना सांगत, "ह्यांना हसू नका. लांबच्या का होईना, आपल्या नातलग आहेत. लहानपणी हिला शेपूट असते आणि शेपटीत एक दांडा असतो, आपल्या पाठीच्या कण्याची जणू पहिली सुरुवात. उजेड कळणारा ठिपका असतो, इवलासा मेंदू असतो. पोहत पोहत जागा शोधते. जागा आवडली की डोकं टेकवते, आणि मग शेपूट, तो दांडा, बराचसा मेंदू, सगळं स्वतःच पचवून टाकते. पुन्हा म्हणून हलत नाही."

"आमच्या मेव्हण्यासारखी," पंपवाला नळीखालून ओरडायचा. "तोही आला, सोफ्यावर डोकं टेकवलं, त्याला सहा वर्षं झाली."

पण मामींचा खरा जीव होता चांदण्यांवर. ही पिचकाऱ्यांमधलीच एक जात. एकेक प्राणी तांदळाच्या दाण्याएवढा, आणि असे आठदहा मिळून काचेवर एक चांदणी. अशा कितीतरी चांदण्या एकाच मऊ पारदर्शक पांघरुणाखाली, सगळ्यांचं रक्त एक. दर आठवड्याला त्या पांघरुणाखाली एक अजब प्रकार चालतो. म्हाताऱ्या झालेल्या सगळ्या चांदण्या एकाच दिवशी कोमेजतात, आक्रसतात, विरघळून जातात, आणि त्यांच्या कुशीत वाढलेले कळे त्याच दिवशी तोंडं उघडतात. आठवड्याची पिढी मरते, पण वसाहत मरत नाही. ब्लेडनं तुकडा कापून दुसऱ्या काचेवर लावला तर तिथेही तीच वाढते. मामींनी एकेक वसाहत अशी वीस-वीस वर्षं जगवली होती. प्रत्येकीची वेगळी काचपट्टी, प्रत्येक काचेवर नंबर.

दोन वसाहती शेजारी ठेवल्या तर काय होतं, हे मामींना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. कडेला कड भिडते. एकमेकींना चाचपतात. नात्यातल्या असतील तर पांघरूण एक होतं, रक्त एक होतं. परक्या असतील तर मधे तपकिरी रेघ पडते, म्हणजे तेवढा भाग दोघी जाळून टाकतात आणि मागे सरतात.

सतरा नंबर ह्याच बंदरातली, समोरच्या धक्क्यावरून खरवडून आणलेली. चाळीस नंबर मोठ्या सरांनी दूरच्या थंड समुद्रातून बर्फाच्या डब्यात आणलेली. वीस वर्षांपूर्वी मोठ्या सरांनी स्वतः ह्या दोघी शेजारी ठेवल्या होत्या, आणि नोंदवहीत त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं: सतरा आणि चाळीस, रेघ ठळक.

आज रेघ नव्हती. काचेवर दोघींच्या मधली जागा आरशासारखी स्वच्छ होती. त्यातून रक्ताचे बारीक कण सतराकडून चाळीसकडे धावत होते. मग ते थबकले, क्षणभर जागच्या जागी थरथरले, आणि उलटे चाळीसकडून सतराकडे धावू लागले. ह्या जिवांचं हृदय असंच, थोडा वेळ एका बाजूला रक्त ढकलतं, मग विचार बदलल्यासारखं दुसऱ्या बाजूला.

"सरांना बोलावते," म्हणून घाईताई जिन्यावर पळाली. तिचा प्रबंध बारा दिवसांनी जायचा होता. तीन वर्षं तिनं सतरा आणि चाळीस ह्या दोघींचेच तुकडे कमीजास्त गरम पाण्यात ठेवून बघितले होते. एक ह्या कोमट बंदरातली, एक थंड समुद्रातली, आणि तरी दोघी गरम पाण्याला अगदी सारख्याच तोंड देतात, म्हणजे कुठे जन्मलात ह्याला फार अर्थ नाही, असा तिचा निष्कर्ष. मसुदा वाचून परीक्षकांनी फक्त एवढंच कळवलं होतं की दोघी खरंच परक्या आहेत, ते एकदा नव्यानं दाखवा. निव्वळ उपचार. म्हणून काल ह्या दोन तुकड्यांची गाठ घातलेली.

सर आले ते धापा टाकत. मोठ्या सरांच्या मागून गेली दहा वर्षं केंद्राचा कारभार ह्यांच्याकडे. त्यांनी मायक्रोस्कोपात बघितलं, नोंदवही उघडून ते तिरकं अक्षर बघितलं, पुन्हा मायक्रोस्कोपात बघितलं, आणि टेबलावर असा हात मारला की बशीतला ब्लेड उडाला.

"कळतंय का तुम्हाला काय झालंय? वीस वर्षांपूर्वी ह्या वैरिणी होत्या. आज एक झाल्या. का? एका पाण्यात, एका टाकीत, शेजारी शेजारी राहून! परकेपणा गेला! अहो, असं कुणी, कुठे, कधी बघितलेलं नाही!"

"सर, पण आधी आपण तपासून..." घाईताई म्हणाली.

"तपासू ना. महिनाभर तपासू. पण चार वाजता बाहेरचे पाहुणे येतायत, त्यांना दाखवायचं तर आहे! तू दाखवशील. तुझं नाव पहिलं." ते मामींकडे वळले. "आणि मामी, चाळीस नंबरच ती! मेलेली उठली, आणि आता हे! भाग्याची आहे बरं का तुमची चाळीस."

मामी हसल्या. ते हसू ओठांवर आलं खरं, पण कुठेतरी कुसळ टोचावं तसं काहीतरी टोचलं. काय, ते त्यांना कळलं नाही.

चाळीस नंबर मेलेली उठली ही गोष्ट केंद्रात सगळ्यांना पाठ होती. अकरा वर्षांपूर्वी एका आठवड्यात चाळीस नंबरच्या चांदण्या नेहमीसारख्या कोमेजल्या, पण कळे उघडले नाहीत. काचेवर नुसता करडा पापुद्रा उरला. ही आता गेली, फेकून द्या, असं सगळे म्हणाले. मामींनी फेकली नाही. त्यांनी ती काच जागच्या जागी ठेवली आणि रोज सकाळी तिच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. तीन आठवड्यांनी त्या पापुद्र्यावर एक इवलीशी चांदणी उमलली, मग दुसरी, मग पाच. मामी रडल्या होत्या त्या दिवशी. जरा फिकट रंगाची उठली, पण माणूसही मोठ्या दुखण्यातून उठलं की फिकट दिसतंच. सर तेव्हा नवखे होते. पुढे प्रत्येक व्याख्यानाचा शेवट ते ह्याच गोष्टीनं करत, आणि मामी कितीही मागच्या रांगेत असल्या तरी लोक वळून त्यांच्याकडे बघत.

वर चहाची धांदल सुरू झाली. खुर्च्या ओढल्याचे आवाज तळघरात येत होते. मामींनी विचार केला, पाहुणे खाली येतील, त्याआधी टाकी नीट दिसायला हवी. त्यांनी ब्लेड घेतला आणि काचा उभ्या ठेवायच्या स्टँडच्या खाचा साफ करायला बसल्या. हे त्यांचं रोजचंच काम. चांदण्या दिसायला स्थिर, पण पांघरुणाची कड हळूहळू सरकत असते. लक्ष दिलं नाही तर आपली काच सोडून स्टँडच्या खालच्या पट्टीवर उतरतात आणि शेजारणीच्या घरात शिरतात. म्हणून रोज काचेच्या कडेनं आणि खाचेतून ब्लेड फिरवायचा, आणि आगाऊ कड खरवडून टाकायची.

ब्लेड सतराच्या खाचेतून निघाला आणि पुढच्या खाचेकडे जाताना मधे पट्टीवर गळून पडलेल्या चांदण्यांच्या एका मऊ गोळ्यात रुतला. हाताला ते लागलं मात्र, मामींचा हात तिथेच थांबला.

असंच लागलं होतं.

डोक्याच्या आधी हाताला आठवलं. असाच ब्लेड, हीच खाच, आणि दोन काचांच्या मधे पट्टीवर असाच काहीतरी मऊ जाड पट्टा. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी सकाळी त्यांनी तो एका झटक्यात कापला होता, ॲप्रनला पुसला होता, आणि मग चाळीस नंबरची काच वर उचलून बघितली होती, तर तिच्यावर चांदणी.

मामी स्टुलावर मागे टेकल्या. कानात पाण्याचा आवाज एकदम मोठा झाला.

त्या तीन आठवड्यांत त्यांनी चाळीसला काच साफ करायचा ब्रश लावला नव्हता. तापानं फणफणलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण आपण हलवत नाही, तसं. चाळीसला धक्का नको म्हणून तिच्या दोन्ही बाजूच्या खाचांतूनही ब्लेड फिरवला नव्हता. बावीस वर्षांत तेवढेच तीन आठवडे. नोंदवहीत ते कुठेही नव्हतं, कारण न केलेल्या कामाची नोंद कोण करतं? आणि चाळीसच्या शेजारची काच होती सतरा.

चाळीस उठलीच नव्हती. सतरा सरकत सरकत तिच्या घरात शिरली होती, आणि मधला दुवा मामींनी स्वतःच्या हातानं कापून टाकला होता. सरांनी ज्यांना वीस वर्षांपूर्वीच्या वैरिणी म्हटलं, त्यातली एक आज काचेवर नव्हतीच. सतरा सतराला भेटली होती. रेघ कशी पडेल?

"अरे देवा," मामी म्हणाल्या, आणि मग पुन्हा म्हणाल्या, "अरे देवा."

जेवणाची सुट्टी त्यांनी अजून घेतलीच नव्हती. डबा तसाच घेऊन त्या रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेल्या. त्यांचे यजमान शिंपी, दुकान त्यांचं. मापाची फीत गळ्यात, तोंडात दोन टाचण्या, आणि समोर कुणाच्यातरी पँटची उसवलेली शिवण.

"आज डबा उशिरा?" त्यांनी टाचण्यांमधूनच विचारलं. मग मान वर केली आणि टाचण्या काढून ठेवल्या. "काय झालं गं? कुणी गेलं का?"

"हो," मामी म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी."

त्यांनी सगळं सांगितलं. यजमानांना चांदण्यांबद्दल आस्था नव्हती, पण बावीस वर्षं जेवताना ऐकून ऐकून त्यांना सगळं ठाऊक होतं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "हे कुणाला माहीत आहे?"

"मला."

"आणि तू बोलली नाहीस तर कुणाला कळेल?"

"ब्लेडचं कधीच नाही कळणार. बाकीचं आज ना उद्या कळेल, तपासणी होईलच की. पण तोपर्यंत ते पोरीच्या नावावर सगळीकडे गेलेलं असेल."

"मग कळेल तेव्हा कळेल. तुला कुणी विचारलंय का? आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? अगं, त्या पोरीची तीन वर्षं जातील."

"तेच ना हो." मामींनी पदराला हात पुसले. ते ओले नव्हते. "तिनं तीन वर्षं दोघींना सारखंच वागताना बघितलं आणि वहीभर लिहिलं, की बघा, दोन वेगळ्या समुद्रांतल्या, पण कशा सारख्या. सारख्या असणारच. एकच होती ती. आता मी जाऊन तिला सांगायचं, की बाई गं, तू तीन वर्षं एकाच बाईच्या दोन खोल्यांतले दोन फोटो काढत होतीस."

"नको सांगूस."

"आणि चार वाजता ती उभी राहून, माझ्यावर विश्वास ठेवून, सगळ्यांसमोर खोटं बोलेल. तिला माहीतही नसेल की ते खोटं आहे."

यजमानांनी डब्याचं झाकण उघडलं आणि डबा मामींपुढे सरकवला. मामींनी घास हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"जा मग," ते शेवटी म्हणाले. "मी नाही म्हटलं म्हणून तू काही थांबणारी नाहीस. पण आधी त्या सराला सांगू नकोस. आधी पोरीला सांग. तिचं घर जळतंय, तिला आधी कळू दे."

घाईताई तळघरात एकटीच होती. तिनं केस विंचरले होते, स्वच्छ शर्ट घातला होता, दोन्ही बाह्या सारख्या खाली होत्या. मायक्रोस्कोपासमोर उभी राहून ती पाहुण्यांना काय सांगायचं ते पुटपुटत होती.

"मामी! बघा, ही बाजू दाखवू का ती? इथे रक्त छान दिसतंय."

"पोरी, बस जरा."

"बसायला वेळ कुठे आहे?"

"बस."

मामींनी कधी आवाज चढवलेला नव्हता. आत्ताही चढवला नाही, पण घाईताई बसली.

मामींनी सरळ सांगितलं. तीन आठवडे, न लावलेला ब्रश, खाचेतला मऊ पट्टा, ब्लेड. सजवलं नाही, रडल्या नाहीत. सांगताना त्यांची नजर मुलीच्या चेहऱ्यावर होती, आणि त्यावरचा रंग उतरताना त्यांना दिसत होता. आधी ओठ, मग गाल.



"तुम्हाला नक्की आठवतंय?" घाईताईनं विचारलं. "की वाटतंय?"

"आठवतंय."

"ब्लेडला लागलं तेव्हा तुम्ही बघितलं नाही? काय कापतोय ते? तुम्ही? मामी, तुम्ही मला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? कापायच्या आधी बघ, कापल्यावर बघ. तुम्ही शिकवलं होतं!"

"हो."

"मग का नाही बघितलं?"

मामींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना स्वतःलाच पहिल्यांदा कळलं. "मला ती उठलेली बघायची होती गं. खाली कशाला बघू?"

घाईताई उठली. तिनं टेबलाची कड धरली, सोडली, परत धरली. "तीन वर्षं," ती म्हणाली. "आईच्या ऑपरेशनला मी गेले नाही. टाक्या सोडायच्या नाहीत म्हणून. तीन वर्षं मी हिची हिच्याशीच तुलना केली!" आणि ती हसली. "त्यापेक्षा आरशासमोर बसून स्वतःशी पत्ते खेळले असते."

"माझं चुकलं. माफी मागून हे भरून येणार नाही, माहीत आहे मला."

"नाही येणार." ती तोंड फिरवून उभी राहिली.

तेवढ्यात सर जिना उतरून आले. नवा टाय, काखेत नोंदवही. "काय, तयार? गाडी फाटकात आली आहे पाहुण्यांची." दोघींचे चेहरे बघून ते थांबले. "काय झालं? मेली का?"

मामींनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं, कारण सर पहिल्या वाक्यापासूनच मान हलवत होते.

"काहीतरीच काय, मामी! अकरा वर्षं मी ही गोष्ट सांगतोय. परदेशातसुद्धा सांगितली आहे मी. वयानं माणसाला काहीबाही आठवतं. ब्लेडला शेवाळ लागलं असेल."

"शेवाळ बावीस वर्षं हाताला लागतंय, सर. ते वेगळं लागतं."

"हाताला लागलं हा पुरावा आहे का? आज आपण दाखवू, पुढच्या आठवड्यात तपासणी करू. निघालंच काही, तर मग बघता येईल."

"सर," घाईताई म्हणाली. ती अजून भिंतीकडेच बघत होती. "मोठ्या सरांच्या कपाटात चाळीसचा पहिला तुकडा स्पिरिटमध्ये आहे ना? अजून आहे?"

"असेल. त्याचं काय?"

"त्याची आणि हिची जनुकं ताडून बघितली की दोन दिवसांत कळेल. पण मला दोन दिवस नकोत. मला आत्ताच कळलंय." ती वळली. डोळे लाल, पण कोरडे. "मी दाखवणार नाही. माझ्या नावानं नाही. तुमच्या नावानं दाखवायचं तर दाखवा."

सरांनी तिच्याकडे बघितलं, मामींकडे बघितलं. नोंदवही त्यांच्या काखेतून सरकत होती हे त्यांच्या लक्षात आलं नाही. वरून कुणीतरी त्यांना हाक मारली. त्यांनी टायची गाठ सैल केली, परत घट्ट केली. "मी त्यांना टाक्या दाखवतो," ते म्हणाले. "नुसत्या टाक्या. बटवेवाल्या दाखवतो, त्या लोकांना आवडतात." जिना चढताना ते मधेच थांबले. मामींना वाटलं आता रागावतील. पण ते अगदी लहान मुलासारखे म्हणाले, "म्हणजे ती उठलीच नव्हती?"

"नाही, सर."

ते गेले.

दोघींपैकी कुणीही दिवा लावला नाही. टाक्यांचाच काय तो उजेड. घाईताईनं खाली पडलेली नोंदवही उचलली, आजची तारीख टाकली आणि मामींपुढे ठेवली. "तुमच्या अक्षरात लिहा. जसं सांगितलंत तसंच. मला लागेल. परीक्षकांना कळवायचंय, मुदत मागायची आहे, काय उरतंय ते बघायचंय. काहीच उरलं नाही तर पुन्हा सुरुवात करायची आहे." एवढं बोलून ती थांबली. "मी तुमच्यावर चिडलेली आहे. ते आज जाणार नाही."

"नको जाऊ दे."

मामींनी आजवर त्या वहीत तापमान आणि आकडे ह्यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं. ओळी वरखाली झाल्या. ब्लेडपाशी आल्यावर पेन थांबलं, मग पुढे गेलं. शेवटी त्यांनी सही केली, आणि तेव्हा कुठे, दिवसभरात पहिल्यांदा, त्यांना हुंदका आला. प्रबंधासाठी नाही. बर्फाच्या डब्यातून दूरवरून आलेला एक जीव अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांसमोर गेला, आणि त्यांनी त्याच्यासाठी एक दिवसही दुःख केलं नव्हतं. उलट त्याच्या जागी बसलेल्याला रोज लाडानं खाऊ घातलं होतं.

घाईताईनं वही ओढून घेतली. ओळ न ओळ वाचली. मग पुढचं कोरं पान उघडलं, पण लगेच काही लिहिलं नाही.

"खरी चाळीस कशी होती?" तिनं विचारलं. "मी तर बघितलीच नाही. सरांनाही धड आठवणार नाही. तुम्हालाच माहीत."

मामींनी डोळे पुसले. "लाजरी होती."

"म्हणजे?"

"टाकीवर हात नेला, नुसती सावली पडली, की सगळी तोंडं एकदम मिटायची. शंभर असतील तर शंभरच्या शंभर. मग दहा मिनिटं थांबावं लागायचं."

"आणि सतरा?"

"सतराला काही पडलेली नसते. ती खात राहते."

घाईताईनं लिहून घेतलं. लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. "मग तीन आठवड्यांनी उठल्यावर? मिटत नव्हती ना? अकरा वर्षं तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं की," मामी म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी आलं होतं. मला वाटलं, माझा हात ओळखायला लागली."